हवालदाराचा साज

“आधी त्याला वास घेऊ दे, बाई. घाईनं माप घ्यायला गेलो तर तो माझ्याच हाताचं माप घेईल,” सूर्याजी जिनगर म्हणाले आणि फीत मांडीवर ठेवून खुशाल दुसरीकडे बघत बसले.

कुसुमने कुत्र्याची दोरी सैल सोडली. नव्या बाजारातलं ते चिंचोळं दुकान चामड्याच्या आणि तेलाच्या वासाने भरलेलं होतं. भिंतीवर टांगलेले लगाम आणि घोड्याच्या पोटाखालून आवळायचे तंग त्या कुत्र्याने, हवालदाराने, एकेक करून हुंगले. मग तो सूर्याजींच्या पायाशी येऊन उभा राहिला.

“कुत्र्याला गळपट्टा पुरतो. साज कशाला पायजे?”

“माझ्या भावाला दिसत नाही. हा त्याला गोरखीच्या शाळेत कामाला नेईल, असं मी शिकवतेय. पण दोरीनं गळा आवळतो, अन् खोकत बसतो बिचारा.”

“खोकणारच. घोडा गाडी ओढतो ती छातीनं, गळ्यानं नाही.” सूर्याजींनी फीत उचलली.

तिचा भाऊ बळवंत, म्हणजे नाना, रिसाल्यात घोडेस्वार होता. देवी आल्या आणि त्यात त्याचे दोन्ही डोळे गेले. त्याच सुमारास कुसुमचं कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी परतली. त्याला अकरा वर्षं झाली. नाना शाळेतल्या खुर्च्या वेताने विणायचा. सकाळी त्याचा हात धरून पोचवायचं आणि संध्याकाळी आणायचं, हे कुसुमचं काम. आता उज्जैनच्या दवाखान्यातून पत्र आलं होतं. दाईचं शिक्षण, दोन वर्षं, दिवाळी झाली की हजर व्हायचं.

“जा तू,” नाना लगेच म्हणाला होता. पण कुत्र्याचं काढल्यावर मात्र तो बिथरला. “मी कुत्र्याच्या मागं फिरू? सारं लष्कर शहर हसेल मला.”

“हसू दे. तुला थोडंच दिसणार आहे?” कुसुम बोलून गेली आणि तिने जीभ चावली. नाना मात्र खदखदून हसला, आणि तिथेच त्याचा विरोध संपला.

आठवड्याने साज तयार झाला. छातीवरून एक पट्टा, पोटाखालून एक, आणि पाठीवरच्या कडीला नानाच्या हातात द्यायची दोरी. पहिल्या दिवशी नाना आणि हवालदार पुढे चालले, कुसुम दहा पावलं मागे. ‘मध्ये पडायचं नाही,’ अशी नानाने तिला ताकीदच दिली होती. गल्ली पार पडली. नाल्यापाशी हवालदार थांबला, नानाही थांबला. कुसुमचा जीव जरा भांड्यात पडला.

महाराज बाड्याच्या चौकात मात्र एका टांग्याचा घोडा अगदी कानाशी फुरफुरला. हवालदार दचकून मागे सरकला आणि अंग चोरून पुढचे दोन्ही पाय साजातून सोडवून पळाला. भर चौकात नाना रिकामा साज हातात धरून उभा राहिला.

“अंधे हो क्या? बीच में खड़े हो!” टांगेवाला ओरडला.

“हाँ भाई, हूँ,” नाना शांतपणे म्हणाला.

टांगेवाल्याने खाली मान घातली आणि घोडा बाजूला घेतला. कुसुम धावत गेली आणि तिने नानाचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला.

“मला काही झालं नाही. तो कुठं गेला ते बघ.”

हवालदार लांब गेलाच नव्हता. एका दुकानाच्या पायरीखाली थरथरत बसला होता.

घरी आल्यावर कुसुमने चुलीपाशी बसूनच सांगून टाकलं, “मी कळवते त्यांना. नाही जमत म्हणून.”

नानाने हवालदाराला जवळ घेतलं, साज पुन्हा अंगावर चढवला आणि बोटांनी चाचपायला सुरुवात केली. छाती, खांदा, काख, बरगड्या, पुन्हा काख. जिथे पट्टा घासला होता तिथे कुत्रं कुईं करायचं आणि नानाची बोटं तिथेच थांबायची.

“उद्या मला जिनगराकडं ने,” तो म्हणाला. “चूक कुत्र्याची नाही. तुझीही नाही.”

दुसऱ्या दिवशी दुकानात तो सूर्याजींच्या समोर उकिडवा बसला. “हे बघा, तंग फार मागं गेलाय. अन् छातीचा पट्टा खांद्यावर पडतो, पाय पुढं टाकताना अडतो. मागं सरकला की काखेतून निघतोच. तंग चार बोटं पुढं घ्या. दोन बोटं आत जातील इतकाच सैल ठेवा. काखेत मऊ नमदा लावा, म्हणजे घासणार नाही.”

सूर्याजींनी तंग ओढून पाहिला. “रिसाल्यात होता काय?”

“सहा वर्षं. खोगीर अंधारातच कसायचो आम्ही.”

“मग मला आधीच का नाही सांगितलं, राव?”

“मला कुठं कुणी विचारलं?”

कुसुमचा चेहरा उतरला. खरंच, माप तिने दिलं होतं, पट्टा तिने निवडला होता. ज्याच्या हातात तो साज राहायचा, त्यालाच तिने घरी बसवून ठेवलं होतं.

नानाने झोळीतून वेताची एक जाड कांब काढली. ती त्याने घरून जाळावर धरून वाकवून आणली होती. “दोरी नको. दोरी ढिली पडली की मला काही समजत नाही. ही मूठ पाठीवर पक्की बसवा. तो वळला की माझं मनगट वळेल.”

ती मूठ बसवून झाली. सूर्याजींनी साज पाच वेळा घातला, पाच वेळा उतरवला. शेवटी हवालदाराने सगळं अंग झटकलं, पण एकही पट्टा हलला नाही.

मग महिनाभर दोघं रोज चालले. कुसुम आधी दहा पावलं मागे, मग वीस, मग गल्लीच्या तोंडाशी. एके दिवशी ती घरीच थांबली. दळण निवडायला घेतलं, पण मन लागेना. संध्याकाळी नाना वेळेवर परत आला आणि रोजच्यासारखं पाणी मागितलं.

निघायच्या दिवशी टांगा दाराशी आला तेव्हा नाना साज चढवत होता.

“आज तरी थोडा उशिरा जा. मला पोचवून जा,” ती म्हणाली.

“नको. तू गेलेली मला ऐकायची नाही. मी आधी जातो. तू बघ.”

तिने वाकून नमस्कार केला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग मूठ धरली. हवालदार निघाला. कोपऱ्यावर एक हातगाडी आडवी उभी होती. कुत्रा थांबला, डावीकडून वळला, आणि नानाही वळला. मग दोघं दिसेनासे झाले.

“बाईसाहब, गाड़ी का टैम हो रहा है,” टांगेवाला म्हणाला.

कुसुम चढून बसली. टांगा चालू लागल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण बाकाच्या अगदी कडेला बसलोय, शेजारी एका माणसाची जागा सोडून. स्टेशनचा रस्ता लागेपर्यंत ती तशीच बसली. मग तिने पायाशी ठेवलेली ट्रंक उचलून त्या जागेवर ठेवली.