सोमलिंगची माफी

कोल्हापुरातल्या एका लिंगायत मठात दर सोमवारी दुपारी बायकांची बैठक भरायची. ज्यांच्यावर घरच्या नाहीतर बाहेरच्या पुरुषानं जबरदस्ती केली होती, अशा बायका गोल करून बसायच्या. आधी पूजा, मग शिवशरणांची वचनं, मग एकेकीनं आपलं बोलायचं. बैठक चालवायच्या गिरिजाअक्का. पांढरं इरकल लुगडं, कपाळभर विभूती, आणि समोरचीचं दुःख म्हणजे शेजारणीनं आपल्याला पाठवलेला वानवळा असावा तसं चेहऱ्यावर हसू.

२००२ साली बसम्मा आपल्या लेकीला, रक्षिताला, तिथं घेऊन आली. नवरा गेल्यावर बसम्मा शिवाजी पेठेत दिराच्या घरी आसऱ्याला राहत होती. त्याच दिरानं, सोमलिंगनं, रक्षिता शाळेत असताना तिच्यावर पुन्हा पुन्हा अत्याचार केले होते. रक्षितानं हे आईला सांगितलं ते आत्ता, कापडदुकानात नोकरीला लागल्यावर.

"क्षमा केलीस की मन हलकं हुतंय बघ," अक्का म्हणाल्या.

"मन जड मी केलं न्हाय," रक्षिता म्हणाली. "ज्यानं केलं त्याला सांगा."

अक्कांनी खरोखरच त्याला सांगितलं. सोमलिंग तेलाचा व्यापारी. मठाच्या नव्या मंडपाची फरशी त्याच्याच देणगीतली. असल्या माणसाला आरोपी म्हणून बोलवायची अक्कांची छाती नव्हती, म्हणून पाहुणा म्हणून बोलावलं.

तो कडक इस्त्रीत आला, हातात पेढ्यांचा बॉक्स, जणू घरात कुणी पास झालंय. अक्कांनी त्याला गोलात, आपल्या शेजारी बसवलं. बायकांनी पदर सावरले.

"कळत नकळत काय चुकलं असंल तर पोरीनं पोटात घालावं," तो पेढ्यांकडं बघत म्हणाला.

"बघ रक्षिता, केवढा मोठेपणा," अक्का म्हणाल्या. "पड आता काकांच्या पाया."

रक्षितानं त्याच्याकडं नीट बघितलं. इतकी वर्षं ज्याच्या पावलांचा आवाज आला की ती दाराची कडी तपासायची, तो हा सुटलेल्या पोटाचा, घाम पुसणारा माणूस.

"काय चुकलं ते सांगा की, काका."

"आता जुनं कशाला उकरायचं?"

तेव्हा बायडाबाई बोलली. ती शाहूवाडीकडची, मंडईत भाजी विकायची. "अक्का, हितं बसंल त्यानं आपलं बोलायचं, असा तुमचाच नेम हाय न्हवं? आमी समद्या बोललो. बोला की पावणं."

सोमलिंगनं अक्कांकडं बघितलं. अक्का विभूतीच्या ताटलीत बघत होत्या.

"पोरगी बी काय साधी..." तो पुटपुटला.

बसम्मानं जन्मात दिरापुढं मान वर केली नव्हती. ती उठली. "तेरा वर्साची हुती," ती म्हणाली, आणि पेढ्यांचा बॉक्स उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. "चला, उठा."

तो गेला. मायलेकींनी त्याच संध्याकाळी त्याचं घर सोडलं, आणि नंतर पोलिसात तक्रार दिली. खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. सोमलिंग पेठेत उजळ माथ्यानं फिरत राहिला, आणि लोक त्याला नमस्कार करत राहिले.

वातावरण बिघडलं असं सांगून अक्कांनी बैठक बंद केली. मंडपात आता त्या मनःशांतीवर प्रवचनं देतात. फरशी चकाचक आहे.

बायका सोमवारी बसम्माच्या भाड्याच्या खोलीत जमू लागल्या. वचनं तिथंही म्हणायच्या. रक्षितानं कुणाला क्षमा केली नाही, आणि तिथं तिला तसं कुणी सांगितलंही नाही. ती चहा ठेवायची आणि बायडाबाईशेजारी जाऊन बसायची.