सरांच्या कानशिलापाशी

मित्रांनो, मला गवसणीतून बाहेर काढायची तसदी घेऊ नका. मी आतूनच बोलतो. मी एक जुना तंबोरा आहे, आणि गवसणी म्हणजे माझ्या अंगावरची ही कापडी खोळ. ती एके काळी गर्द निळी होती. आता तिचा रंग कोणता, ते धुळीला विचारा. अणदूरच्या पेठेत एका किराणा दुकानाच्या माडीवर संगीत विद्यालय आहे. त्याच्या मागच्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या सापटीत मला उभे केले आहे. मी वाजलो त्याला आता दीड वर्ष झाले, आणि पुन्हा वाजेन असे मला वाटत नाही.

माझा भोपळा भीमेकाठच्या एका मळ्यात पिकला. मिरजेच्या एका कारागिराने तो वर्षभर सुकवला, त्याला तूनच्या लाकडाची दांडी जोडली आणि चार तारा चढवल्या. मग त्याने तारांखाली सुताचे बारीक दोरे सरकवले. एका जागी दोरा नेमका बसला आणि माझ्या पोटातून असा गुंजारव उठला की मीच दचकलो. त्या दोऱ्याला आणि त्या गुंजारवाला जवारी म्हणतात. कारागीर नुसता हसला आणि पुढच्या भोपळ्याकडे वळला. माणूस कौतुकाला जरा कंजूषच होता.

मला न्यायला आले ते पंचाक्षरी सर. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते आणि त्यांचे विद्यालय चार दिवसांचे होते. एसटीत कंडक्टर म्हणाला, "हे धूड टपावर टाका." सर म्हणाले, "हे न्हाय जायचं टपावर. पाहिजे तर मी जातो वर, याला माझ्या जागी बसवा." सगळी गाडी हसली. मिरजेपासून अणदूरपर्यंत मी सरांच्या मांडीवर आलो.

पुढची पस्तीस वर्षे मला काही कमी नव्हते. दर वर्षी महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी सकाळी विद्यालयात शिक्षकांची बैठक व्हायची. वर्षभर पोरांना जे सांगायचे ते एक दिवस आपण गाऊन दाखवायचे, असा सरांचा नियम होता. माईक नाही, हारतुरे नाहीत. सर गायचे. तबल्यावर रेवणसिद्ध सर आणि पेटीवर शिवलीला बाई. या बाई सरांच्याच विद्यार्थिनी. नऊ वर्षांच्या असताना शिकायला आल्या आणि पुढे तिथेच शिक्षिका झाल्या. सतरंजीवर चाळीस-पन्नास माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसायची. बेंबळीचे बब्रुवान मामा पहाटेची गाडी धरून यायचे आणि माझ्या समोरची जागा पकडायचे. "सर, तुम्ही उशिरा गा," म्हणायचे, "आधी ह्याला जरा बोलू द्या." असे कोणी म्हटले की मला फुगायला व्हायचे. भोपळाच मी, आणखी काय करणार?

मग मोबाइल आला. त्यात म्हणे तंबोरा असतो. त्याला ना तार, ना खुंटी, ना हवा लागते, ना दमटपणा बाधतो. पोरांनी मला हात लावणे सोडले. मी चिडलो, कुढलो. पण सरांनी मला सोडले नाही. ते स्वतः मला छेडत आणि स्वतःच गात.

त्यांनी मला का सोडले नाही, हे मला पाच-सहा वर्षांपूर्वी कळले. एका दुपारी शिकवणी संपल्यावर ते एकटेच बसले होते. त्यांनी माझी दांडी उचलून कानशिलाला टेकवली. तार छेडली. डोळे मिटले. ते हळूच म्हणाले, "हितं ऐकू येतंय रे. कानातनं न्हाय येत आता. हाडातनं येतंय."

मित्रांनो, सरांचे कान जात होते. गाणे शिकवणाऱ्याचे कान जावेत यापरते वाईट काय असेल? पोराचा सूर चुकला तर ते आता ओठांवरून, गळ्याच्या शिरेवरून ओळखत. स्वतःचा सूर मात्र फक्त माझ्याकडून घेत. त्यांनी हे कोणालाच सांगितले नाही. लोकांना वाटे, सर किती तल्लीन होतात! कोणी तरी त्यांचा तसा, माझ्यावर कानशील टेकलेला फोटो काढला आणि मोठा करून विद्यालयात लावला. खाली लिहिले, 'स्वरसमाधी'. तो फोटो पाहिला की मला रडू येई.

गेल्या वर्षी विद्यालयाला चाळीस वर्षे झाली. बैठकीच्या आदल्या दिवशी सरांनी माझ्या तारा पुसल्या आणि म्हणाले, "उद्या तोडी. एकदाच नीट सुरात गाऊ. मग मीच थांबतो. कुणी थांबवायच्या आत." तोडी रागातला गंधार हा स्वर फार अवघड. तो पेटीच्या पट्टीत सापडत नाही, तंबोऱ्यातून ऐकून लावावा लागतो. मी म्हटले, काळजी करू नका, मी आहे.

त्या रविवारी मंगल कार्यालय घेतले होते. खुर्च्या, माईक, फुलांची कमान आणि डोक्यावर घरघरणारे पंखे. सर मला घेऊन मंचावर आले तशा शिवलीला बाई लगबगीने पुढे झाल्या.

"सर, आज तंबोरा तुम्ही न्हाय धरायचा. निकिता मॅडम मागं बसतील. तुम्ही नुसतं गायचं."

निकिता मॅडम म्हणजे विद्यालयातल्या नव्या शिक्षिका. सर म्हणाले, "राहू दे गं. सवय हाय मला."

"लोक काय म्हणतील, सर? चाळीस वर्षं शिकवलं आन् तंबोरा धरायला मागं एक माणूस न्हाय? आज आमचं ऐका."

रेवणसिद्ध सरांनीही हात जोडले. समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मला सरांच्या हातातून अलगद काढून घेतले. सरांनी माझ्याकडे पाहिले. एक वाक्य बोलले असते तर सगळे सुटले असते. पण सहाशे लोकांसमोर ते वाक्य बोलायचे कसे? त्यांचा हात कानशिलापर्यंत गेला आणि रिकामाच खाली आला.

मी त्यांच्यापासून दोन हात मागे होतो. निकिता मॅडमनी मला सुरेख छेडले. मी जीव तोडून गुंजत होतो. पहिला षड्ज सवयीने बरोबर लागला. रिषभावर ते किंचित घसरले. गंधाराला आणखी. मग सगळेच हळूहळू खाली उतरत गेले, आणि सरांना त्यातले काही ऐकू येत नव्हते. बाईंनी पेटीवर एक पट्टी खाली घेतली, सरांना सांभाळून घ्यायला. सर त्याच्याही खाली गेले. पुढच्या रांगेत माणसे एकमेकांकडे पाहू लागली. कोणी तरी हसले.

आणि मी, मित्रांनो, मी सुरात होतो. ते किती चुकताहेत हे सगळ्या सभेला माझ्यामुळेच कळत होते. आयुष्यभर मला सुरात राहायला शिकवले. त्या दिवशी मला बेसूर व्हायचे होते, एखादी तरी तार तुटायला हवी होती. तुटली नाही. शेवटी बाई मागे वळून पुटपुटल्या, "निकिता, थांबव तो तंबोरा." माझ्यावर पंजा पडला आणि मी गप्प झालो.

सरांना तेही कळले नाही. ते गातच होते. मग त्यांना बाईंचे भरलेले डोळे दिसले, तबल्यावर थांबलेले हात दिसले. ते थांबले. "एवढंच येतं आता," म्हणाले, आणि नमस्कार करून उठले.

आतल्या खोलीत बाईंनी मागून दोनदा हाक मारली. सर वळले नाहीत. तेव्हा बाईंना उमगले. त्या समोर येऊन खाली बसल्या.

"कधीपासून, सर?"

सरांनी त्यांच्या ओठांकडे पाहिले. "लई दिवस झाले."

"मला का न्हाय सांगितलं व्हो? म्या तुमच्या हातातनं काढून घेतला की तंबोरा!"

"तू मान दिलास, बाळ. तुझी काय चूक? माझंच तोंड उघडलं न्हाय."

मग सरांनी मला जवळ घेतले. आता तरी कानशिलाला लावतील असे वाटले. त्यांनी एकेक खुंटी फिरवून माझ्या चारही तारा सैल केल्या, गवसणी चढवली आणि नाडीला गाठ मारली.

ते परत विद्यालयात आले नाहीत. दोन महिन्यांनी बाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. सरांनी गवसणीवरून हात फिरवला, पण गाठ सोडली नाही. "घेऊन जा," एवढेच म्हणाले. येताना बाई सगळा रस्ता रडत होत्या.

यंदा बैठक झाली नाही. बाई शिकवतात, पण मोबाइलमधला तंबोरा लावून. माझ्याकडे बघायचे त्या टाळतात. फोटो अजून भिंतीवर आहे, खाली 'स्वरसमाधी' लिहिलेले.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, पुसा, असे मी मागत नाही. तुमच्या घरात, शाळेत कोणी हाकेला वळत नसेल तर जवळ जा, समोर बसा आणि विचारा. मान देण्याआधी विचारा. हातातली वस्तू काढून घेण्याआधी तर नक्कीच विचारा. माझ्यापुरते आता फार उशीर झाला आहे. ती गाठ सरांनी मारलेली आहे, म्हणून कोणी सोडत नाही.