कुंपणापलीकडचे टोमॅटो

आमच्या गल्लीत पाच-सहा घरांना पोहण्याचा तलाव आहे, आणि त्यातल्या प्रत्येक नवऱ्याला वाटतं की आपल्याइतकं नितळ पाणी साऱ्या गावात कुणाचं नाही. तिएरीला जरा जास्तच वाटतं. घरातले सगळे पोहत असतात तेव्हा हा पंपघरात असतो. तिथं वाळूनं भरलेलं एक मोठं पिंप आहे. तलावाचं पाणी त्या वाळूतून गाळून परत येतं. वाळू मळली की पाणी उलटं सोडून ती धुवायची, आणि ते गढूळ पाणी कुंपणाकडच्या चरात सोडून द्यायचं, एवढंच काम. पण तिएरी त्याबद्दल असा बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं, आत कुणाच्या तरी हृदयाची शस्त्रक्रिया चालली आहे.

यंदा जुलैत लियों शहराहून त्याची मुलगी आणि नातवंडं आली. पोरांच्या अंगाला उन्हाचं क्रीम एवढं चोपडलेलं की पाण्यावर तवंग यायचा. त्यामुळे वाळू सारखी धुवावी लागे. मोटर बंद केल्याशिवाय पिंपावरचा, पाण्याची दिशा बदलणारा दांडा फिरवायचा नाही, हा नियम तिएरी स्वतःच सगळ्यांना ऐकवतो. पण मोटरचं बटण गॅरेजात, पिंप बागेच्या टोकाला, आणि तिएरीचा गुडघा दुखरा. एके दिवशी त्यानं चालत्या मोटरीवरच दांडा ओढला. आतून करकर आवाज आला. दांडा फिरला, पाणी निवळलं आणि तिएरी ते विसरूनही गेला.

त्यानंतर तलावाची पातळी उतरायला लागली. पाऊस वसंतापासूनच नव्हता. मेअरबाईंनी चौकात फलक लावला होता की तलावात नळाचं पाणी भरायचं नाही आणि बागेलाही घालायचं नाही. तिएरी रोज सकाळी कडेच्या फरशीवर खडूनं खूण करायचा आणि दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या खाली गेलेलं असायचं. "उन्हानं एवढं आटत नाही," तो म्हणायचा. आणि मग त्याची नजर कुंपणापलीकडे जायची.

पलीकडे ऑनोरे राहतो. ऐंशीच्या घरातला माणूस, जन्मभर ट्रक चालवला. बाग त्याच्या बायकोची, लेओनीची. गेल्या हिवाळ्यात तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं, आणि यंदा ऑनोरेनं आयुष्यात पहिल्यांदा टोमॅटो लावले, तिएरीच्या कुंपणाला लागून. आमच्या सगळ्यांच्या बागा करपून गेल्या होत्या आणि याचे टोमॅटो मुठीएवढे, झाडं हिरवीगार. कुणी विचारलं तर म्हणायचा, "भांडी धुतलेलं पाणी घालतो." एकट्या माणसाची भांडी ती किती असणार, असं आम्ही एकमेकांत बोलायचो.

संध्याकाळी चिनारांच्या सावलीत आमचा गोळ्यांचा खेळ असतो. लोखंडी गोळे फेकायचे, बडीशेपेच्या वासाची दारू प्यायची आणि गावाच्या उचापती करायच्या. तिथं सगळ्यांसमोर तिएरीनं विषय काढला.

"ऑनोरे, तुमच्याकडं भांडी फार पडतात म्हणे."

"पडतात थोडीफार."

"माझा तलाव रोज उतरतोय आणि तुमचे टोमॅटो रोज फुगतायत. कुंपणातून नळी टाकता की काय?"

आम्ही सगळे हसलो. तिएरी हसला नाही. "मस्करी नाही करत मी," तो म्हणाला.

ऑनोरेनं हातातला गोळा फडक्यानं पुसला. "मी पाणी घेतलेलं नाही," एवढंच तो बोलला, गोळे पिशवीत भरले आणि निघून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवसापासून तो खेळायला यायचा बंद झाला.

नातवंडं परत गेल्यावर तिएरीची बायको नादेज घर आवरायला लागली. ती चिडलेली असली की नको तिथंही घासते. पंपघरात, चराकडं जाणाऱ्या नळाला काचेची एक छोटी वाटी आहे. वाळू धुताना पाणी गढूळ येतंय की स्वच्छ, ते तिच्यातून दिसतं. म्हणजे दिसायला हवं. तिएरीनं ती कित्येक वर्षांत पुसली नव्हती, शेवाळानं ती हिरवी पडली होती. नादेजनं व्हिनेगर आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन ती लख्ख केली आणि बघतच राहिली.

"तिएरी, तू वाळू धुतोयस का आत्ता?"

"नाही. का?"

"मग हे पाणी कुठं निघालंय?"

तिएरीनं मोटर बंद केली, या वेळी आठवणीनं, आणि दांड्याखालचं झाकण उघडलं. आत चाकाच्या आऱ्यांसारखी एक रबरी चकती असते, ती पाण्याच्या वाटा वेगळ्या ठेवते. तिचा एक आरा तुटून वळला होता. म्हणजे त्या करकर आवाजाच्या दिवसापासून, मोटर चालेल तेवढा वेळ, थोडं थोडं पाणी चरात चाललं होतं. चराचं तोंड काटेरी झुडपांखाली खडीत बुजलेलं, त्यामुळे वर काही दिसायचं नाही. पाणी जमिनीत जिरायचं, आणि त्या जमिनीत ऑनोरेच्या टोमॅटोंची मुळं होती.

तिएरीनं नवी चकती आणून बसवली. पाणी खुणेवर थांबलं. नादेज म्हणाली, "आता ऑनोरेकडं जाऊन ये." तो म्हणाला, "जातो, जरा वेळ बघून." आणि वेळ बघत बसला.

इकडं काय झालं, तर ऑनोरेची झाडं माना टाकायला लागली. आणि इथं मी तोंड उघडलं. मी जोसियान, निवृत्त होईपर्यंत या गल्लीत टपाल वाटलं, त्यामुळे प्रत्येकाच्या घराबद्दल मला मत असतं. पाववाल्याकडं रांगेत उभी असताना मी मोठ्यानं म्हणाले, "बघा, तिएरीनं सुनावलं आणि चोरी थांबली. तलाव आहे तिथं आहे आणि टोमॅटो वाळले. आणखी काय पुरावा पाहिजे?" सगळ्यांनी माना हलवल्या. तिएरी माझ्यामागेच उभा होता, काखेत पिशवी घेऊन. त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं, गुडघा ठणकतोय.

त्यानं तेव्हाच बोलायला हवं होतं, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यानं केलं काय, तर एक छान पिकलेलं खरबूज घेतलं आणि ऑनोरेच्या फाटकावर ठेवून आला. संध्याकाळी ते खरबूज त्याच्या स्वतःच्या फाटकावर होतं. तो तलावात उतरेना, जेवताना ताटाकडं बघत बसे. पाणी एवढं नितळ कधीच नव्हतं आणि त्याला ते बघवत नव्हतं.

"खरबूज देऊन सुटायला बघतोस?" नादेजनं शेवटी त्याला धरलं. "सगळ्यांसमोर बोललास ना, मग सगळ्यांसमोरच सांग. नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलेलं तुला आवडणार नाही."

त्या संध्याकाळी खेळाच्या मैदानावर त्यानं खिशातून तुटकी चकती काढून बाकावर ठेवली आणि सगळं सांगितलं. खाली मान घालून, काही न लपवता. कुणीतरी हसलं, कुणी त्याचा पेला भरला. "अरे, होतं असं." "माझा दांडा तर एकदा हातातच आला होता." आम्ही त्याला इतक्या पटकन माफ केलं की माझी मलाच लाज वाटली. माफ करायला आमचं गेलं होतं काय?

"ऑनोरेला सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही अजून."

"चल. मीही येते." चोरी थांबली हे वाक्य माझं होतं, ते मलाच जाऊन मागे घ्यायला हवं होतं.

ऑनोरे स्वयंपाकघरात बसला होता. खिडकीत शेवटचे टोमॅटो ओळीनं ठेवलेले. आम्हाला बसा म्हणाला नाही. तिएरीनं चकती टेबलावर ठेवली आणि सांगायला लागला. मीही माझं वाक्य सांगितलं, जसं बोलले होते तसंच. ऑनोरेनं चकती उचलून तुटका आरा बोटानं चाचपला.

"सांगितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. मग चकती परत टेबलावर ठेवली. "म्हणजे हे टोमॅटो तुझ्या पाण्यावर वाढले."

"हो. म्हणजे, तुमचं भांड्यांचं पाणीही थोडं..."

"आता कुठं खरं बोलायला लागलायस, परत बिघडू नकोस."

तिएरीनं मान डोलावली.

"दर रविवारी लेओनीला एक नेऊन देतो," ऑनोरे म्हणाला. त्याचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कुठल्या कामाला तिनं चांगलं म्हटलं नव्हतं. गेल्या रविवारी खाल्ला आणि म्हणाली, तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे रे. नर्सलाही बोलावून सांगितलं."

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की त्याच्यावरचा आळ जाईल, तो उद्या गोळे घेऊन खेळायला येईल आणि आम्ही सगळे सुटू. तिएरीलाही तसंच वाटलं असणार. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायचीही त्याला चोरी वाटत होती.

ऑनोरे उठला. खिडकीतले टोमॅटो कागदी पिशवीत भरून त्यानं पिशवी तिएरीच्या हातात दिली. "ने. तुझेच आहेत."

"ऑनोरे, नको. माझ्यानं नेववणार नाहीत."

"ने म्हटलं ना."

एक मात्र त्यानं पिशवीत घातला नव्हता. तो त्यानं फडक्यानं पुसून परत खिडकीत ठेवला, देठ वर करून.

"हा रविवारचा," तो म्हणाला. "आणि तिथं तिला भेटायला कुणी गेलात, तर यातलं एक अक्षर बोलायचं नाही. तिला वाटू दे, माझे आहेत."

आम्ही बाहेर आलो. फाटकापाशी तिएरी पिशवी घेऊन उभा राहिला, त्याचं स्वतःचं घर पंधरा पावलांवर होतं आणि तो जाईना. या सगळ्यात आमच्या गल्लीत खोटं न बोललेला ऑनोरे हा एकच माणूस होता. आता रविवारी लेओनीसमोर त्यालाही खोटं बोलावं लागणार होतं, आणि ते आमच्यामुळे.