बैलगाडा घाटावरचा स्पेसर

मित्रांनो, मी एक जुना स्पेसर आहे. दम्याच्या पंपाला जोडतात ना, ती प्लॅस्टिकची फुगीर नळी, तो मी. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला माणसाचं तोंड, मधे माझं रिकामं पोट. कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मला वाईट वाटलं होतं. सगळ्यांच्या पोटात काही ना काही असतं, माझ्याच नाही. त्या रिकामपणाचं काम मला कळलं ते जुन्नरला.

तिथल्या एका दवाखान्यात तेजस्विनीताई श्वसन-थेरपिस्ट आहेत. डॉक्टर औषध देतात. ते छातीत खरंच पोचतंय का, हे बघणं आणि माणसाला नीट शिकवणं, हे ताईंचं काम. त्यांनी मला खोक्यातून काढलं आणि बोरी बुद्रुकच्या हौशीरामच्या हातात दिलं.

हौशीराम बैलगाडा शर्यतीचा निवेदक. बैल घाट, म्हणजे शर्यतीची चढाची वाट, चढेपर्यंत हा गडी गाडामालकाचं नाव, गाव, बैलांची नावं, पाहुण्यांचं स्वागत आणि हरवलेल्या चपलेची सूचना, सगळं एका दमात सांगून मोकळा व्हायचा. पण मागच्या यात्रेत धुरळा उडाला, दमा उसळला आणि स्पीकरमधून नुसती शिट्टी यायला लागली. ऑपरेटरने माईक बिघडला म्हणून वायरी बदलल्या. शिट्टी चालूच. मग लोकांच्या ध्यानात आलं, बिघाड माईकच्या अलीकडं आहे. यात्रा कमिटीने सांगून टाकलं, औंदा पुन्हा असं झालं तर माईक कायमचा कुंडलिककडं जाणार. कुंडलिक म्हणजे त्याचा चुलतभाऊ. हौशीरामला वाटलं, माईक गेला म्हणजे आपण गावात असून नसल्यासारखे.

मला घरी नेलं तर त्याच्या बायकोने, मंगलने, आधी माझी पूजा केली. नवा ट्रॅक्टर असो की मिक्सर, त्या घरात हळदीकुंकवाशिवाय काही सुरू होत नाही. तिने बाहेरून बोट लावलं ते ठीक, पण चिमूटभर आतही टाकलं. हौशीरामने पहिला श्वास घेतला आणि तिन्हीसांज होईपर्यंत शिंकत बसला. मंगल म्हणाली, "देवाचं हाय ते, बाधत नाय." तो म्हणाला, "देवाला नाकात घालून बघ एकदा."

लाल नाक घेऊन तो पुन्हा दवाखान्यात आला. ताईंनी मला धुवून वाळत ठेवलं, तोवर दुसरा स्पेसर त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "काका, घरी कसं घेता ते दाखवा."

त्याने पंप दाबला आणि छाती फुगवून अशी जोरात फुंकर मारली, की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. औषध बिचारं नळीच्या पोटातच बसून राहिलं.

"फुंकायचं नाही, आत ओढायचंय."

"ताई, मी जन्मभर बाहेरच टाकत आलो. आत वडायचं कुणी सांगितलंच न्हाई."

"मग आज मी सांगते. तुमचा बैल हौदावर पाणी कसा पितो?"

"दमानं पितो. लांब घोट."

"तसाच श्वास घ्या. मग तोंड मिटून मनात दहा मोजा."

मी वाळलो, तशी त्यांनी नळी बदलून मला पंपाला लावलं. हौशीरामने डोळे मिटले. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. माझ्या पोटात पांढरं धुकं भरलं, माझी झडप हलकेच उघडली आणि ते धुकं एका माणसाच्या आत निघून गेलं. आत म्हणे झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्या असतात, पुढं पुढं केसाहून बारीक. ताई छातीला स्टेथोस्कोप लावून कान देऊन बसल्या होत्या, जणू लांबच्या डोंगरातून कोणीतरी हाक मारतंय. एवढ्या मन लावून मी कुणाला कुणाचं ऐकताना बघितलं नव्हतं.

मग त्यांनी दुसरा पंप दाखवला. "पहिला दम लागल्यावर, हा मात्र रोज घ्यायचा. आणि घेतल्यावर चूळ भरायची."

"बरं वाटत असलं तरी?"

"बैलाला खुराक शर्यतीच्या दिवशीच घालता का?"

"न्हाई बा, बारा महिने घालतो," तो म्हणाला, आणि आपल्याच उत्तरावर हसून दुसरा पंप खिशात घातला.

त्याने नेम पाळला. यात्रा आली. ताईंनी सांगितलं तसं टेबल धुरळ्यापासून लांब, वारा येतो त्या बाजूला मांडलं. मी त्याच्या पिशवीत, टॉवेलखाली लपवलेला. पण वारं फिरलं. फायनलच्या आधी त्याची छाती आवळायला लागली. मला पिशवीतूनही तिची शिट्टी ऐकू येत होती. शेजारी कुंडलिक, नजर माईकवर. आता हा माईक धरून बसतो की श्वास धरतो, मला कळेना.

हौशीरामने माईक कुंडलिकच्या हातात दिला. "धर. मी येतो." आणि टॉवेल बाजूला करून, अख्ख्या घाटासमोर मला तोंडाला लावलं.

"राव, म्हाताऱ्याला बाटलीनं दूध पाजताय व्हय?" गर्दीतून कुणी तरी विचारलं. लोक हसले. लांब घोट. थांबला. मग परत. हळूहळू हसणारे गप्प झाले. हौशीराम गप्प आहे, हेच घाटाने पहिल्यांदा बघितलं होतं. तोवर कुंडलिकने घाईत प्रमुख पाहुण्यांचं नाव बैलाच्या जोडीत घेऊन टाकलं. पाहुण्यांनी उठून नमस्कारही केला.

छाती मोकळी झाल्यावर फायनल हौशीरामनेच पुकारली. पण मला थक्क केलं ते नंतर झालं. निमगाव सावाच्या कोंडाबाई काठी टेकत आल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी पंप काढला. "बाबा, मी सुनंला कळू नाय म्हणून न्हाणीत जाऊन मारते. पण दवा त्वांडातच राहतो. तुझी नळी दे की."

"आजी, नळी ज्याची त्याची. सोमवारी माझ्यासंगं ताईंकडं चल."

सोमवारी कोंडाबाई नव्या स्पेसरसमोर बसल्या. ताईंनी विचारलं, "आजी, तुम्ही काय काम करता?" भात लावते, म्हणाल्या. मग ताईंनी भाताच्या खाचरात पाणी कसं सोडतात, तिथून सुरुवात केली.

मित्रांनो, मला कोमट साबणपाण्यात धुवा. फडक्याने पुसू नका, आपसूक वाळू द्या. तडा गेला की खुशाल टाकून द्या, मला राग येणार नाही. पण ज्याला पंप लागतो, त्याला न्हाणीत लपायला लावू नका. त्याला चारचौघांत बसून सावकाश श्वास घेऊ द्या. तेवढा वेळ शर्यत थांबली तरी चालेल.