बुधवारचा बाजार

मनोहर आणि रत्ना कर्णिक फ्रान्सहून ट्रॉयमधल्या आपल्या घरी परतले, तेव्हा रत्नाच्या बॅगेत कपड्यांपेक्षा खायच्या वस्तूच जास्त होत्या. अक्रोडाचं तेल, अंजिराचा जॅम, जाडं मीठ.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत रत्नाने ऑपरेशनच्या पेशंटना भूल दिली आणि मनोहरने गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले. सुट्टी म्हणजे भारतवारी, तीही नातेवाइकांच्या लग्नांत संपणारी. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच दोघं फक्त स्वतःसाठी कुठे गेले. एका खेड्याबाहेरच्या शेतघरात उतरले. दर बुधवारी गावात बाजार भरायचा. रत्ना प्रत्येक टेबलापाशी थांबायची, चीज हुंगायची, पीच दाबून न बघता वासावरून निवडायची. भाषा येत नसताना विकणाऱ्या बायकांशी हातवाऱ्यांनी गप्पा मारायची. मनोहर पिशव्या धरून मागे उभा. आपल्या बायकोला इतकं हसता येतं, हे तो विसरूनच गेला होता. निघताना तिने पुढच्या सप्टेंबरसाठी तेच घर बुक करून टाकलं.

थंडी सुरू झाली आणि तिला घास अडकायला लागला. जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. रेडिएशनने गाठ विरघळली, पण लाळ आटली आणि चव गेली. गिळणंही जमेना, म्हणून पोटात नळी बसवली. उन्हाळ्यात फुप्फुसांच्या स्कॅनमध्ये ठिपके दिसले. रत्नाने रिपोर्ट स्वतः वाचला आणि बेलव्ह्यूला राहणाऱ्या मुलीला, नेत्राला, फोन करून स्वतःच सांगितलं. डॉक्टर काय बोलणार, हे तिला त्यांच्याआधी कळलं होतं.

स्वयंपाकाच्या वासाने तिला मळमळायचं. मनोहर गॅरेजमध्ये छोट्या शेगडीवर खिचडी शिजवायचा आणि गाडीला टेकून उभ्यानेच खायचा. तिला ठाऊक होतं. दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी तो एकटाच फार्मर्स मार्केटला गेला. तिच्यासारखं हुंगून हुंगून पीच निवडले. घरी येऊन एक पातळ फोड कापली. रत्नाने ती तोंडात धरली, बराच वेळ घोळवली आणि टिश्यूत काढून ठेवली.

"काही लागलं?" त्याने विचारलं.

"वास येतोय. पुढे काहीच नाही."

मग तो तिला तो फ्रान्सचा बाजार सांगत बसला. चीजवाली म्हातारी, तिचं कुत्रं, चर्चच्या पायरीवर बसून खाल्लेला पाव. रत्ना डोळे मिटून ऐकत होती. तिला बरं वाटतंय, अशा समजुतीने तो सांगतच राहिला.

"अहो, नका सांगू," ती म्हणाली. "मला सगळं आठवतं. माणसं, आवाज, उन्हात कुठे उभे होतो तेसुद्धा. फक्त चव आठवत नाही. मी रोज प्रयत्न करते."

त्याने सुरी पुसून ठेवली. मग म्हणाला, की तरीही जाऊ. काही खायचं नाही, त्या शेतघराच्या अंगणात नुसतं बसायचं.

"आणि लोकांना खाताना बघू?" तिच्या आवाजात राग नव्हता. "कॅन्सल करा. त्या घरमालकीण बाईंना दुसरं कुणी मिळू दे."

त्याने तिच्यासमोरच बुकिंग कॅन्सल केलं. संध्याकाळी नेत्राचा फोन आला. स्प्रिंगमध्ये आई बरी झाली तर तेव्हा जा, असं ती म्हणत होती.  मनोहरने हवेचा विषय काढला.

सप्टेंबरात रत्नाचा पलंग दिवाणखान्यात आणला. रोज नर्स यायला लागली. बाहेर हवा सुंदर होती, पण शेजाऱ्यांनी मागच्या अंगणात ग्रिल पेटवलं होतं आणि भाजक्या मक्याचा वास आत येत होता. रत्नाने मान वळवली. मनोहरने उठून एकेक खिडकी बंद केली आणि तिच्याजवळ येऊन बसला. काही बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण त्याला जे जे सुचत होतं ते सगळं कुठल्या ना कुठल्या जेवणाचं होतं.