डाव्या भुवईवरचा व्रण

माझा फोटो स्टुडिओ चढावर आहे, म्हणून पुरातून वाचला. यात माझं कर्तृत्व शून्य. तरी त्या आठवड्यात मी असा मिरवत होतो, जणू जागा घेतानाच मला नदीचा बेत कळला होता. शेवटी बायको म्हणाली, "मिरवून झालं असेल तर कॅमेरा उचला आणि शाळेत जा. तिथं मुलांचे फोटो काढायला माणूस हवाय."

शाळेत एकतीस मुलं होती, नदीकाठच्या वस्त्यांमधून बोटींनी आणलेली. काहींचे आईवडील सापडत नव्हते. काहींचे सापडले होते, पण ते कसे सापडले हे मुलांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. सगळा कारभार एका निवृत्त नर्सबाईंच्या हातात होता. आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. त्यांचा नियम एकच. मुलांचे फोटो फाटकाजवळच्या फळ्यावर लावायचे आणि जो फोटो ओळखेल त्यालाच आत सोडायचं. दुसऱ्या कुणाला नाही, मग तो कितीही रडो.

"रडणाऱ्यांत मुलं पळवणारेही असतात," त्या म्हणायच्या. मला पटलं होतं.

मी वर्गात निळा पडदा लावला, खाली स्टूल ठेवलं. बायको एकेकाचं तोंड धुवून, भांग पाडून, कुणाचा तरी धुतलेला शर्ट चढवून पाठवायची. मी तीस वर्षं लग्न जमवायचे फोटो काढत आलोय. माझ्या हातून गेलेल्या फोटोत मुरूम, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं राहत नाहीत. संगणकावर ते पुसायला बोट आपोआप चालतं. या पोरांची तोंडं खरचटलेली होती, डास चावून सुजलेली होती. मला वाटलं, निदान फोटोत तरी त्यांना काही लागलेलं दिसू नये. त्यात माया होती हे खरं, आणि आपली कला दाखवायची खाजही होती, हेही खरं. संध्याकाळी एकतीस गोजिरवाणे चेहरे फळ्यावर लागले. मी रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो आणि लांबून कसे दिसतात ते बघून आलो.

त्यात एक होती चावरी. असेल चारपाच वर्षांची. पहिल्याच दिवशी सिस्टरांच्या मनगटाला कडकडून चावली, म्हणून हे नाव. खरं नाव विचारलं की म्हणायची, "नाही सांगणार." बाबांचं नाव? "नाही सांगणार." राहतेस कुठं? मान हलवायची. बिस्किटाची लाच दाखवली, तर बिस्किट खाऊन पुन्हा तेच. फोटो काढताना तिने भिंगाकडे असं रोखून पाहिलं, की मीच जरा सावरून उभा राहिलो. त्यानंतर मात्र माझी पाठ सोडेना. भिंगाचं झाकण मुठीत धरून दिवसभर माझ्यामागे हिंडायची आणि कुणी मागितलं तर अंगावर धावून जायची.

फोटो लागले त्याच्या तिसऱ्या दिवशी एक माणूस आला. चाळिशीचा, अंगात चुरगळलेला खाकी शर्ट. दूध डेअरीच्या टँकरवर ड्रायव्हर होता. पूर आला तेव्हा लांबच्या फेरीवर होता, म्हणून वाचला. बहीण आणि मेहुणा गेले होते, भाचीचा पत्ता नव्हता. त्याने एकेका फोटोवर बोट ठेवत पूर्ण फळा पुस्तक वाचावं तसा वाचला. मी शेजारीच उभा होतो. कौतुक ऐकायला, दुसरं काय.

चावरीच्या फोटोवर त्याचं बोट थांबलं.

"हिला दीड वर्षात बघितली नाही मी," तो म्हणाला. "पोरं किती बदलतात. पण आमच्या पोरीला इथं, डाव्या भुवईवर, मोठा व्रण आहे. माझ्याच टँकरच्या पायरीवर आपटली होती. बहीण महिनाभर बोलली नव्हती माझ्याशी." मग त्याने मला विचारलं, "हिला आहे का हो तसं काही?"

मी काय करायला हवं होतं? मागे वळायला हवं होतं. वीस पावलांवर पोरगी बसली होती. मी मागे वळलो नाही. मी फोटोकडे पाहिलं, माझ्या स्वतःच्या फोटोकडे, आणि म्हणालो, "दिसतंय ना समोर? काही नाही."

"हो," तो म्हणाला. "फोटो मात्र चांगले काढलेत." आणि गेला.

मुलांना सोमवारी मोठ्या शहरातल्या संस्थेत हलवायचं ठरलं. तिथून पुढे कोण कुठल्या घरात जाईल, काही सांगता येत नव्हतं. शनिवारी सकाळी सिस्टर अर्ज भरत होत्या आणि मी त्यांवर फोटो चिकटवत होतो. अर्जात एक रकाना होता, ओळखीची खूण. सिस्टर चष्मा कपाळावर ढकलून एकेका मुलाला जवळ बोलावायच्या, न्याहाळायच्या आणि लिहायच्या. चावरीच्या अर्जावर त्यांनी लिहिलं, डाव्या भुवईवर जुना व्रण. मग फोटोकडे पाहिलं.

"अहो, यात व्रण कुठाय?"

मी गोंदाचा ब्रश खाली ठेवला. मी चावरीला समोर उभी केली, तिचे केस मागे सारले. व्रण होता. चांगला बोटभर लांब. मी तो पुसला होता, आणि पुसल्याचं मला आठवतही नव्हतं. इतरांचे तीळ पुसले तसाच, चहाचा घोट घेता घेता.

सिस्टरांना सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती जणांचं काय काय पुसलंय?" मला सांगता येईना. बायको तेवढं म्हणाली, "माझ्या लग्नातल्या फोटोतला तीळ घालवलात तेव्हाच तुमचे हात बांधायला हवे होते."

दुपारपर्यंत मी सगळे फोटो जसेच्या तसे पुन्हा छापले. सुजलेले, खरचटलेले, एकाचा दात पडलेला. फळ्यावरचे जुने काढून हे लावले. मग डेअऱ्यांना फोन करत सुटलो. माणसाचं नाव विचारलं नव्हतं, नंबर घेतला नव्हता. माहीत काय, तर टँकर आणि खाकी शर्ट. चौथ्या डेअरीतला माणूस म्हणाला, "पुरात बहीण गेली तोच ना? चारला येईल टँकर रिकामा करायला."

मी अडीचलाच जाऊन डेअरीच्या फाटकात उभा राहिलो. टँकर आला. तो खाली उतरला तसा मी फोटो पुढे केला. त्याने पाहिला आणि मागे सरकून टँकरच्या पायरीवर बसला.

"परवाच हिचं नाव देऊन आलो," तो म्हणाला.

"कुठं?"

"कचेरीत. मेलेल्यांच्या यादीत." त्याने मला ओळखलं होतं. "तुम्हीच म्हणालात ना, काही नाही म्हणून. तुमची शाळा शेवटची होती. बाकीच्या सगळ्या आधीच बघून झाल्या होत्या."

तो उठला आणि म्हणाला, "चला, बसा. आधी तिला बघू."

शाळेच्या व्हरांड्यात चावरी बसली होती. मामाने तिच्या नावाने हाक मारली. आठ दिवसांत आम्ही कुणीच ते नाव ऐकलं नव्हतं. ती उठून चालत आली, त्याच्या गुडघ्याला डोकं टेकवलं आणि विचारलं, "टँकर कुठाय?"

"बाहेर आहे." त्याने तिला उचललं. "या लोकांना नाव का नाही सांगितलंस गं?"

"अनोळखी माणसांना सांगितलं तर आई रागावेल."

सिस्टर तोंड फिरवून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चावरीचा अर्ज होता. मामाने यादीत नाव दिल्याचं सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, "पोरगी तुमचीच आहे, पण मृतांच्या यादीत नाव असलेलं मूल मी सोडू कशी? आधी ते नाव कमी करून आणा."

कचेरीत शनिवारीसुद्धा गर्दी होती. सगळे नावं द्यायला आलेले, काढायला आलेले आम्ही दोघंच. कारकुनाच्या डोळ्यांत झोप होती. त्याने वही उघडली, ओळ शोधली, दुरुस्तीचा अर्ज पुढे ओढला. "कारण काय लिहू?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. तो काहीही सांगू शकला असता.

"लिहा," तो म्हणाला, "पोरगी जिवंत आहे."

"एवढंच नका लिहू," मी म्हणालो. "लिहा, शाळेतल्या फोटोवाल्याने फोटोतला तिच्या भुवईवरचा व्रण पुसला आणि विचारल्यावर नाही म्हणून सांगितलं, म्हणून ओळख पटली नाही."

"साहेब, एवढी जागा नाही इथं."

"मग मागच्या बाजूला लिहा."

कारकुनाने मामाकडे पाहिलं. मामा खिडकीबाहेर बघत होता. मग कारकुनाने कागद उलटला आणि मी सांगितलं तसं शब्दन् शब्द लिहून घेतलं. खाली मी सही केली. व्यवसाय, असं त्याने विचारलं, तेव्हा मागच्या रांगेतली माणसंही ऐकत होती. मी म्हणालो, "मीच तो फोटोवाला."