जाळ्याला बसलेल्या बाया

रत्नाबाईला कुणी काम सांगितलं की ती आधी ते काम नीट बघून घ्यायची आणि पटलं तरच हात लावायची. बोईसरच्या कापड कारखान्यात बारा वर्षं काढली तरी तिची ही सवय गेली नव्हती. मूळची ती इचलकरंजीची, कोष्ट्याच्या घरातली, बापाच्या मागाखाली रांगत मोठी झालेली. नवऱ्याबरोबर इकडे आली. चार वर्षांपूर्वी नवरा वारला, तेव्हा भाऊ न्यायला आला होता. त्याला दोन दिवस जेवू घालून तिने गाडीत बसवून दिलं. "हितं माझी नोकरी हाय," एवढंच म्हणाली.

नोकरी म्हणजे वाइंडिंग खात्यातली. समोर ओळीने सुताच्या कांड्या फिरत असायच्या. धागा तुटला की तुटकी टोकं पकडायची, गाठ मारायची, सोडून द्यायची. दिवसाला किती गाठी व्हायच्या याचा तिला पत्ता नसायचा. बोलता बोलता, हसता हसता बोटं आपली चाललेली.

ब्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात समुद्रावर वादळ झालं. बोईसरला पत्रे उडाले, दोन दिवस वीज गेली, एवढंच. पण किनाऱ्यावरच्या घिवलीत होड्या एकमेकींवर आदळल्या आणि जाळ्यांच्या चिंध्या झाल्या. कामगार वसाहतीतल्या मंडळाने ठरवलं, शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी मदतीला जायचं. मंडळाचा सेक्रेटरी होता भगवंत. अणुवीज केंद्रात तो फिटर होता. सरळ मनाचा माणूस, पण हातात कागद असल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. टेम्पो निघण्याआधी त्याने शिटी वाजवली आणि यादी वाचली. "पुरुष मंडळी जाळी दुरुस्त करतील. भगिनी जुने कपडे वाटतील आणि चहा करतील."

रत्नाबाईने यादी ऐकून घेतली. वाइंडिंगच्या सहाजणी आल्या होत्या. तिच्या शेजारच्या मशीनवरची वत्सला कुजबुजली, "चहा करायला एवढ्या लांब कशाला?"

"जाऊन तरी बघू," रत्नाबाई म्हणाली.

घिवलीला पोचले तेव्हा चार वाजले होते. वाळूवर मोठं जाळं पसरलेलं होतं, एखाद्या घरावर टाकावं एवढं. कडेला पन्नाशीची एक मांगेलीण, तिथल्या मांगेला कोळ्यांतली बाई, बसून भराभर जाळं विणत होती. तिचं नाव सुगंधा. तिच्याजवळ तिचा सासरा, भिका तांडेल, उकिडवा बसलेला. आयुष्यभर होडी हाकलेला माणूस, आता डोळ्यांत मोतीबिंदू.

भगवंतने कपड्यांचं गाठोडं पुढे केलं. सुगंधाने मान वर केली, पण हात थांबवले नाहीत.

"कपडे हायत आमच्याकडं, दादा. हात पायजेत. उद्यापासून उधाणाचं पाणी लागतं. पहाटेच्या भरतीला होडी नाय गेली, तर पुढच्या उधाणापर्यंत आमी घरी बसणार."

भगवंत गडबडला. मग नऊ पुरुषांना त्याने जाळ्याभोवती बसवलं. सुगंधाने लाकडी सुई कशी धरायची, बांबूच्या पट्टीवर भोकाचं माप कसं घ्यायचं, ते दाखवलं. माणसं मन लावून कामाला लागली. पण ज्या हातांनी लोखंडी पाने आणि हातोडे धरले, त्यांना नायलॉनचा दोरा काही वळेना. तासाभरात तळहाताएवढा तुकडा झाला, आणि तांडेलने तो बोटांत धरून ओढला तर सगळा उसवला.

"ह्याच्यातून देवमासा पण जाईल," म्हातारा शांतपणे म्हणाला.

रत्नाबाई चुलीपाशी उभी होती. चहा उकळत होता आणि तिची नजर सुगंधाच्या बोटांवर खिळली होती. दोरा वर आला, मागून फिरला, अंगठ्याखाली दाबला, ओढला. पुन्हा वर आला, मागून फिरला. तिने आपल्याही नकळत उजवा अंगठा हलवला. मग पातेलं उतरवून ठेवलं आणि सरळ सुगंधाशेजारी जाऊन बसली.

"बाई, ही गाठ मला येती."

सुगंधाने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू दर्यावरची नाय दिसत."

"मागावरची हाय. तुटलेला धागा आमी असाच जोडतो. बघा."

तिने दोन टोकं उचलली आणि गाठ मारली. सुगंधाला ती दिसलीसुद्धा नाही, इतक्या झटक्यात. सुगंधाने ती दोन्ही अंगठ्यांत धरून ताणली. गाठ टिकली, टिकली आणि सर्रकन सुटली.

बघणाऱ्यांतला कुणीतरी हसला. रत्नाबाईचे कान गरम झाले, पण ती उठली नाही. तिने दोरा बोटांत चोळून पाहिला. सूत सुताला धरून बसतं. हा दोरा काचेसारखा गुळगुळीत होता.

"तुमची कशी राहती? एकदा सावकाश करा."

सुगंधाने सावकाश केली. गाठ तीच होती, फक्त शेवटी दोरा आणखी एकदा गाठीच्या गळ्याभोवती फिरवून सुगंधा ती आवळत होती. रत्नाबाईने तशी केली. सुगंधाने ताणली. मग पाय रोवून ताणली. मग ती सासऱ्याच्या हातात दिली. म्हाताऱ्याने नखाने गाठ चाचपली.

"हिला सुई द्या," तो म्हणाला.

रत्नाबाईने सुई घेतली आणि मागे वळून हाक मारली, "वत्सला, चहा पुरुष मंडळी बघतील. सगळ्याजणी या हिकडं. आपलीच गाठ हाय, वर एक फेरा जास्तीचा."

सहाही बाया जाळ्याला बसल्या. पहिली काही भोकं वाकडीतिकडी झाली. मग बोटांना दोऱ्याची चाल कळली आणि काम धावायला लागलं. भगवंत यादी हातात घेऊन उभा राहिला, मग त्याने ती खिशात घातली आणि कपबशा विसळायला घेतल्या. पुरुषांनी सुयांमध्ये दोरा भरून द्यायला सुरुवात केली. ते काम त्यांना चांगलं जमलं. अंधार पडायला लागला तसे घिवलीकर दोन बत्त्या घेऊन आले आणि आणखी चार कोळणी शेजारी येऊन बसल्या. बोलणं सुरू झालं. कारखान्यात बसायला देतात का, पाळी किती तासांची, असं सुगंधा विचारत होती. बोंबील कुठल्या पाण्याला जास्त मिळतात ते रत्नाबाई विचारत होती.

"नवरा?" सुगंधाने मध्येच विचारलं.

"चार वर्षं झाली जाऊन."

"माझ्याला सात." सुगंधाने गाठ आवळली. "लोक म्हणाले, जाळं विकून टाक. मी म्हटलं, मग खलाशी काय करतील, आणि मी काय करू?"

रत्नाबाई हसली. "मलाबी गावाकडनं न्यायला आलेवते."

सात वाजता भगवंतने घड्याळ पाहिलं. टेम्पो आठला कारखान्यात परत द्यायचा होता. रात्रपाळीचा माल भरायचा होता. त्याने शिटी ओठाला लावली आणि वाजवण्याआधी रत्नाबाईकडे पाहिलं. जाळ्याचा शेपटाकडचा भाग अजून फाटका होता.

"रत्नाबाई, निघावं लागेल हो. शब्द दिलाय टेम्पोवाल्याला."

"तुमी जावा. शब्द पाळा तुमचा. पावणेनऊची एस्टी हाय, आमी तिनं येऊ."

"पण सहा बायका, अंधारात—"

"सहा नायत," सुगंधा म्हणाली. "अकरा हाव. एस्टीत बसवून देऊ आमी."

भगवंतने टेम्पोतून पुरुषांना पाठवून दिलं आणि स्वतः मात्र राहिला. सगळे गेले, मग हळूच येऊन बसला. "मला एक कोपरा द्या," म्हणाला. रत्नाबाईने त्याला गाठ दाखवली, एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा त्याची गाठ बसली.

सव्वाआठला शेवटचं भोक बंद झालं. तांडेल पुढे सरकला आणि सगळं नवं विणकाम बोटांखालून घालायला लागला. एका जागी तो थांबला, दोन गाठी ओढल्या, त्या सुटल्या.

"ह्या कोणाच्या?"

"माझ्या," भगवंत म्हणाला.

"मार परत."

भगवंतने मारल्या. म्हाताऱ्याने ओढून पाहिल्या आणि जाळं खाली ठेवलं. "आता जाईल होडी."

पहाटेच्या भरतीला होडी गेली. रविवारी दुपारी बोईसरच्या बाजारात आलेल्या कोळणींनी ते वत्सलाला सांगितलं आणि सोमवारी वाइंडिंग खात्यात सगळ्यांना कळलं. जेवणाच्या सुट्टीत रत्नाबाई बाकावर उभी राहिली. घिवलीत अजून पाच जाळी फाटकी आहेत, म्हणाली. ज्यांना गाठ येते त्यांनी शनिवारी चला. चौदाजणींनी नावं दिली. संध्याकाळी भगवंत नवीन यादी करायला बसला, तेव्हा तिने त्याला स्पष्ट सांगितलं, "जाळ्याचा गट मी सांभाळणार. चहाचं तुमी ठरवा." त्याने तसंच लिहिलं.

पुढचे दोन शनिवार त्या गेल्या. दुसऱ्या शनिवारी शेवटचं जाळं ऊन असतानाच झालं आणि होडीत चढवायला निघालं. ओळीने बाया उभ्या राहिल्या, जाळं खांद्यांवर आलं. सुगंधाने रत्नाबाईला आपल्या पुढे घेतलं. बारा वर्षांत रत्नाबाईने समुद्र वाळूवरूनच पाहिला होता. आता तिने लुगड्याचा काचा आवळला आणि पाण्यात शिरली. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. पायाखालची वाळू सरकत होती, खांद्यावर ओलं जाळं जड होत होतं.

"भीती वाटते?" मागून सुगंधाने विचारलं.

"न्हाई," रत्नाबाई म्हणाली. "कुठवर यायचं ते सांगा फक्त."